लिमिट कोणती, ते लिहून द्या

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातल्या बँक शाखांचे व्यवस्थापक, कापूस आणि सोयाबीन खरेदी केंद्रांचे केंद्रप्रमुख व ग्रेडर, तसेच तहसीलमध्ये मदत-अनुदानाचं टेबल सांभाळणारे सर्व यांस,

साहेब,

आपल्या तिन्ही ठिकाणची भाषा वेगळी आहे. बँकेत पुण्याकडची मराठी, बरेचदा हिंदीच. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकावर वऱ्हाडी; खरेदी तिथंच होते. तहसीलमध्ये कागदी. एक शब्द मात्र तिन्हीकडे सारखा चालतो आणि तो इंग्रजी आहे : लिमिट. ‘लिमिट संपली’, ‘लिमिटमध्ये बसत नाही’, ‘वरूनच लिमिट आली आहे’. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्या ओसरीवर येतो. हल्ली कागद कमी येतात, माणसंच येतात. “गुरुजी, लिमिट झाली म्हनते साहेब. कायची लिमिट?” याचं उत्तर माझ्या डिक्शनरीत नाही, आपल्या रजिस्टरात आहे. म्हणून हे पत्र.

खरेदी केंद्रापासून सुरू करतो, कारण तिथं नुकसान रोख होतं. कास्तकार पिकअप भाड्यानं करतो, पंधरा-वीस क्विंटल कापूस भरतो, मोबाईलवरच्या ‘कपास किसान’ ॲपमध्ये पोराकडून स्लॉट काढून घेतो आणि केंद्रावर जातो. फाटकावर किंवा ग्रेडरसाहेबांच्या समोर त्याला सांगितलं जातं, ‘लिमिट आहे, वापस न्या.’ या एका वाक्याचे तीन वेगळे अर्थ निघतात आणि तिन्ही मी लोकांच्या तोंडून ऐकले आहेत.

एक अर्थ त्या दिवसाचा. जिनिंगच्या आवारात गंजी लावायला जागा उरली नाही, किंवा दिवसभरात जेवढा माल घ्यायचा होता तेवढा घेऊन झाला. ही खरं तर क्षमता. याला उपाय आहे, उद्या-परवा या. दुसरा अर्थ ओलाव्याचा. कापसाला पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. यालाही उपाय आहे, दोन दिवस ऊन दाखवा. तिसरा अर्थ क्षेत्राचा. एकरी अमुक इतक्याच क्विंटलची खरेदी, आणि तीही सातबाऱ्यावर पराटीचा, म्हणजे कापसाचा, पेरा नोंदलेला असेल तर. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर कास्तकाराच्याच मोबाईलवर आली, तेव्हापासून ही नोंद राहिली तर दोष त्याचाच धरला जातो. इथं ऊनही कामाचं नाही आणि उद्याही कामाचा नाही. इथं तलाठ्याकडे जावं लागतं.

म्हणजे एकच शब्द, आणि माणसाला तीन दिशांना पाठवणारा. कोणत्या दिशेला, ते सांगायचं राहून जातं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका कास्तकारानं ओलाव्याची लिमिट समजून कापूस स्लॅबवर पसरला, रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री झाकली, बायकापोरांनी तो उलटापालटा केला, आणि पुन्हा भाडं भरून गाडी नेली. त्या दिवशी कळलं की मॉइश्चर पहिल्या दिवशीही ठीकच होतं. त्याची अडचण सातबाऱ्याची होती, त्यावर पराटीच्या जागी तूर लागलेली. दुसऱ्या भाड्याचे पैसे त्याला कोण देणार? कुणीच नाही, आणि तो मागतही नाही. तो एवढंच म्हणतो, पहिल्या दिवशीच सांगतलं असतं तर.

हे सांगायला लागतात किती शब्द? ‘पेऱ्याची नोंद नाही.’ तीन. ‘लिमिट आहे’पेक्षा एकच जास्त.

इंग्रजीत या तीन गोष्टींना एकच शब्द नाही. शाळेत मी हे पोरांना शिकवत होतो. लिमिट म्हणजे रेघ, जिथपर्यंत जाता येतं ती. रिस्ट्रिक्शन म्हणजे अट, रेघेच्या आतसुद्धा पाळायची. बॅन म्हणजे बंदीच. कोटा म्हणजे वाटणीला आलेला हिस्सा. आणि कपॅसिटी म्हणजे भांड्यात मावेल तेवढं, त्यात कुणाचा हुकूम नसतो. कापसाचा ओलावा ही लिमिट. सातबाऱ्यावर पेरा हवा ही अट. आवारात जागा नाही ही कपॅसिटी. आपण या सगळ्यांना लिमिटच्या एका पोत्यात भरता. ग्रेडरसाहेबांना ते सोयीचं आहे, गर्दीत कोण फोड करून सांगत बसेल. पण मला वाटतं यात सोयीपेक्षा जास्त काही आहे. ‘अट’ म्हटलं की माणूस विचारतो, कोणी घातली. ‘जागा नाही’ म्हटलं की विचारतो, कधी होईल. ‘लिमिट’ म्हटलं की तो गप्प बसतो. हा शब्द असा काही उच्चारला जातो, जणू पाऊसमान सांगताय.

पण लिमिट हलते, साहेब. ती हलताना आम्ही पाहिली आहे. सोयाबीनच्या ओलाव्याची लिमिट वर्षानुवर्षं १२ टक्के. २०२४ च्या खरिपात खासगी बाजार हमीभावाच्या पुष्कळ खाली होता, हमीभाव ४,८९२ रुपये, आणि केंद्रांवर मात्र १२ टक्क्यांवरून माल परत जात होता. नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ही लिमिट १५ टक्के केली. सोयाबीनचा दाणा तोच, शास्त्र तेच, मीटर तेच. एका पत्रानं तीन टक्के सरकले. मी त्या निर्णयावर टीका करत नाही, तो चांगलाच होता. मी एवढंच म्हणतो की आदल्या आठवड्यात जो माल ‘लिमिटमध्ये बसत नाही’ म्हणून परत गेला, त्याच्या मालकाला कुणीही सांगितलं नव्हतं की ही रेघ माणसानं ओढलेली आहे आणि ती ओढणारा माणूस दिल्लीत बसतो.

अतिवृष्टीच्या मदतीचंही तेच. दोन हेक्टरपर्यंत मदत, ही लिमिट. ती तीन हेक्टर झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा दोनवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरात पावसानं वावरं धुतली आणि ऑक्टोबरात परत तीन झाली. आमच्याकडे लोक एकरात बोलतात आणि लिमिट हेक्टरात येते, ही आणखी एक गंमत. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांना थोडं कमी. पाच एकरवाल्याला वाटतं आपण पूर्ण बसलो, आणि यादीत त्याचे दोन-अडीच गुंठे गळतात. रक्कम मोठी नसते, पण तो टेबलाशी येऊन विचारतो, आणि त्याला उत्तर मिळतं ते पुन्हा तेच.

या शब्दाचं मूळ शोधलं तर मौज वाटते. इंग्रजी लिमिट फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमधल्या ‘लिमेस’चा अर्थ होता दोन शेतांमधली वाट, बांध. म्हणजे आपला धुरा! पुढं रोमन लोकांनी साम्राज्याच्या सरहद्दीलाही तोच शब्द लावला, पण जन्म शेतातला. आणि धुऱ्याबद्दल आमच्या भागात कुणाला काही शिकवावं लागत नाही. धुऱ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, धुऱ्यावरच्या बोरीच्या झाडासाठी लोक आर्वीपासून नागपूरपर्यंत कोर्टात गेले आहेत. पण धुरा सरकवायचा म्हटलं तर काय करावं लागतं ते आपल्या तहसीलवाल्यांना ठाऊक आहे. मोजणीचा अर्ज, फी, लगतच्या सगळ्या कास्तकारांना नोटीस, ठरल्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस मशीन घेऊन वावरात, सर्वांसमोर खुणा, नकाशाची प्रत, आणि पटलं नाही तर अपील. वीतभर धुऱ्यासाठी एवढं. पलीकडच्याला न सांगता धुरा हलवला तर त्याला आपण धुरा कोरणं म्हणतो, आणि तसा माणूस गावात नाव कमावत नाही.

सिलिंगचंही पाहा. हा शब्द तर आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, ‘आमचं वावर सिलिंगमधी गेलं’. १९६१ चा महाराष्ट्राचा जमीनधारणा कमाल मर्यादा कायदा, पुढं १९७५ मध्ये ती मर्यादा आणखी खाली आली आणि कोरडवाहूसाठी ५४ एकरांवर बसली, बारमाही ओलितासाठी १८. माणसाच्या हातून जमीन काढून घेणारी लिमिट, याहून कठोर काय असेल? पण तिला नाव होतं, कलम होतं, विवरणपत्र होतं, चौकशी होती, आणि महसूल न्यायाधिकरणापर्यंत जायची वाट होती. लोक गेले, काही जिंकले, बरेच हरले. हरलेल्यालाही माहीत होतं की आपण कशापुढं हरलो.

किंवा कापूस एकाधिकार, म्हणजे कापूस फक्त राज्य सरकारलाच विकायचा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी, आणि राज्याबाहेर कापूस विकायला मनाई. वणी-पांढरकवड्याकडच्या माणसाला राज्याच्या सीमेपलीकडचा आदिलाबादचा बाजार जवळ, पण मध्ये नाका. रात्री बैलबंड्या जात होत्या हे सांगायला आता कुणाची हरकत नसावी. ती मनाई मला कधीच पटली नाही. पण ती कुणाची आहे हे सगळ्या विदर्भाला माहीत होतं, म्हणून तर शेतकरी संघटनेला तिच्याविरुद्ध सभा घेता आल्या. ज्या लिमिटचा धनीच कळत नाही तिच्याविरुद्ध सभा कुठं घ्यायची? जिनिंगच्या फाटकाविरुद्ध?

आता बँकेकडे येतो. इथं शब्दाची चाल उलटी आहे. इथं लिमिट ही मानाची गोष्ट, ‘माही लिमिट दीड लाखाची हाये’ असं कास्तकार पानठेल्यावर सांगतो. बँकेच्या भाषेत लिमिट म्हणजे मंजूर रक्कम, तिच्या आत केव्हाही काढा, भरा. सरकारी मराठीत तिला ‘मर्यादा’ म्हणतात आणि तो शब्द कुणी वापरत नाही, बरंच आहे. मर्यादा म्हटलं की आमच्याकडे रामापासून घरातल्या सुनेपर्यंत सगळं आठवतं. भर बँकेत सत्तरीच्या माणसाला ‘तुमची मर्यादा संपली’ म्हटलं तर तो काठीच उगारेल.

पण ही मानाची लिमिट येते कुठून? पीकनिहाय हेक्टरी कर्जदर, म्हणजे कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं तो आकडा, जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते, दरवर्षी. किसान क्रेडिट कार्डाचा हिशेब असा की तो दर गुणिले क्षेत्र, त्यात काढणीनंतरचा आणि घरचा खर्च म्हणून १० टक्के, शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी २० टक्के, वर पीकविम्याचा हप्ता. पुढच्या वर्षांसाठी दरसाल १० टक्के वाढ धरून पाच वर्षांची लिमिट काढायची. समजा दर हेक्टरी ६०,००० रुपये आणि जमीन दोन हेक्टर. गुणाकार १,२०,०००. त्यात १२,००० आणि २४,००० मिळवले की १,५६,०००, विमा वेगळा. माझ्याकडे आलेल्या काही कागदांवर मला नुसता पहिला गुणाकार दिसला. पुढचे ३६,००० का धरले नाहीत, याला कारण असेलही. जुनी थकबाकी असेल, हिस्सेदारीचा घोळ असेल, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असेल. पण ते कारण कास्तकाराला माहीत नाही. त्याला ‘तुमची लिमिट एवढीच बसते’ असं सांगितलं आहे, आणि ते ऐकून तो उरलेल्या रकमेसाठी खासगीकडे गेला, जिथं व्याजाची लिमिट कुणी पाळत नाही. वेळेवर फेडलं तर ३ लाखांपर्यंत पंजाबराव देशमुखांच्या नावच्या योजनेत बिनव्याजी, ही सवलत ज्या जिल्ह्यांत पंजाबराव फिरले त्या जिल्ह्यांतली माणसं अशी अर्धी वापरतात. १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवायच्या शेती कर्जाची लिमिटही १.६० लाखांवरून २ लाख झाली आहे. हे शाखेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं मला अजून दिसायचं आहे.

शाखा व्यवस्थापकांना एक आठवण देतो, मास्तरकीची सवय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेत लिहिलं आहे की २ लाखांपर्यंतचं कर्ज मागणाऱ्या लहान कर्जदाराचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं. आणि माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ मध्येच आहे की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं सांगायची, त्यानं अर्ज न करता. कापूस महामंडळ काय, राष्ट्रीयीकृत बँक काय, तहसील काय, हे कलम तिघांनाही लागू आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही.

मध्येच एक फाटा फोडतो. हल्ली तालुक्या-तालुक्यात ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’च्या पाट्या लागल्या आहेत, आणि लोक त्या लिमिटेडलाही भितात. त्यांना वाटतं, थोड्याच लोकांना घेणारी कंपनी. अर्थ अगदी उलटा आहे. कंपनी बुडाली तरी सभासदाचं नुकसान त्याच्या भागापुरतंच, घर-वावर सुरक्षित, असा तो लिमिटेड. इंग्लंडमध्ये १८५५ साली हा कायदा झाला, आणि त्याच कायद्यानं ‘लिमिटेड’ हे नावातच लिहायची सक्ती झाली, ती उधार देणाऱ्यांना आधीच कळावं म्हणून. आपल्या सोसायटीच्या पाटीवर ‘मर्या.’ असतं, तेही हेच. गरिबाच्या बाजूनं उभी राहणारी लिमिट असते ती अशी, आणि तीच आम्हाला कुणी समजावली नाही.

बाजूनं उभी राहणारी आणखी एक आहे. आपण लिमिट म्हणतो ती नेहमी वरची, याच्या पलीकडे नाही. पण इंग्रजीत लिमिट खालचीही असते, याच्या खाली नाही. हमीभाव ही खालची लिमिट. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०, सोयाबीनला ५,३२८. ही रेघ ओलांडून खाली खरेदी करणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला कुणी ‘लिमिट आहे, वापस जा’ म्हणत नाही.  आता हेच कास्तकाराच्या डोळ्यांनी पाहा. ओलाव्याची लिमिट लागते, एकराची लागते, हेक्टराची लागते, गाडी फाटकावरून परत फिरते. आणि परत फिरलेली तीच गाडी जाते कुठं? रस्त्यावरच्या खासगी काट्यावर, जिथं त्याची स्वतःची एकुलती एक लिमिट लागत नाही. म्हणून फाटकावरचं आपलं एक वाक्य इतकं महाग पडतं. ते ऐकून माणूस घरी जात नाही, क्विंटलमागे पैसे सोडून येतो.

बरं, लिमिट सरळ सांगता येते याचा नमुना आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी आहे. समृद्धी महामार्गावर पाटी आहे, १२०. घाटात १००. आकडा लिहिला आहे, कुणाला लागू ते लिहिलं आहे, आणि दंड झाला तर पावतीवर वेळ, जागा आणि तुमचा वेग छापून येतो. गाडीवाल्याला हे मिळतं. त्याच गाडीत कापूस भरला की का मिळू नये?

माझी मागणी एकच आहे. माल परत पाठवताना, कर्ज कमी बसवताना, मदतीतून क्षेत्र वगळताना, एक चिठ्ठी द्या. कोऱ्या कागदाच्या चौथ्या हिश्श्यावर मावेल अशी. तिच्यावर कास्तकाराचं नाव आणि गट नंबर, लिमिट कशाची (ओलावा, दिवसाची क्षमता, एकरी उत्पादकता, पेऱ्याची नोंद, कर्जदर, हेक्टर), आकडा किती, कास्तकाराचा आकडा किती भरला, हा आकडा ज्या आदेशानं आला त्याचा क्रमांक व तारीख, आणि दुरुस्तीसाठी कुठं जायचं. खाली सही. शिक्का नसला तरी चालेल.

आपण म्हणाल, हंगामात फाटकावर दीडशे गाड्या असतात, चिठ्ठ्या कोण लिहिणार. मान्य आहे, ग्रेडरही माणूस आहे, सकाळी सातपासून त्याचे हात कापसात असतात आणि शिव्याही तोच खातो. पण वजनाची पावती निघतेच ना? ती काढणाऱ्या मशीनला आणखी एक ओळ छापायला सांगता येईल. तोवर हाताच्या चिठ्ठ्यांचं मी पाहतो. आमच्या हायस्कुलातली दहावीची पोरं सुटीच्या दिवशी केंद्रावर येऊन लिहून द्यायला तयार आहेत, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, मसुद्याची छपाई गावातल्या बचत गटाच्या बायांनी अंगावर घेतली आहे. आपण फक्त कारण सांगायचं आणि सही करायची. कापसाचा हंगाम अजून चालू आहे. फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीनंतर पराटी राखून घेतलेला, माल यायचा आहे. येत्या सोमवारी मी पहिले दोनशे कोरे नमुने घेऊन आपल्या तिन्ही ठिकाणी येतो. भेटीची वेळ सकाळची दिली तर बरं, दुपारून आमच्याकडे एसटी नाही.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त मास्तर
जिल्हा यवतमाळ